झड, उघडीप आणि डावं टोक

रत्नागिरी

चि. मुक्ता,

कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरचा २०१६ सालचा ‘वास्या अँड स्ट्रिंग’ हा प्रश्न तुला सुटेना, म्हणून उत्तर पाहून कोड पाठ केलास असं कळवलंस. पाठांतर इथे टिकायचं नाही. प्रश्नातली एक अट बदलली की तो कोड तुझ्या उपयोगाचा राहणार नाही.

दोनच अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये जास्तीत जास्त ‘के’ अक्षरं बदलून एकाच अक्षराचा सर्वांत लांब सलग तुकडा मिळवायचा, हा तो प्रश्न. तोच आपल्या पावसावर मांडून बघ. जून ते सप्टेंबर, रोज एक अक्षर लिहायचं. हवामान खातं अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर पावसाचा दिवस धरतं, तो ‘प’. बाकीचे कोरडे, म्हणजे ‘क’. आता जास्तीत जास्त ‘के’ इतक्या उघडिपी माफ केल्या, तर सर्वांत लांब झड किती दिवसांची?

पपकपपकप, आणि माफी एकाच उघडिपीची. उत्तर पाच. ते शोधताना आपण एकही अक्षर बदललं नाही, हे लक्षात आलं का? कोणता ‘क’ बदलू, यातच तू अडकलीस. ज्या सलग तुकड्यात ‘क’ के-पेक्षा जास्त नाहीत, असा सर्वांत लांब तुकडा हवा, एवढंच. बदलायचं सोडून मोजायला लागलीस की अर्धं काम झालं.

आता तुकड्याला दोन टोकं. उजवं दर वेळी एक घर पुढे जातं. ‘क’ जास्त झाले की डावं पुढे सरकतं, ते पुन्हा माफीत बसेपर्यंत. डावं कधीच मागे का येत नाही? समज, उजवं टोक पुढे गेल्यावरही एखाद्या जुन्या जागेपासूनचा तुकडा माफीत बसतोय. मग त्याच जागेपासूनचा आधीचा, आखूड तुकडाही बसायलाच हवा होता, कारण अक्षर काढल्याने ‘क’ वाढत नाहीत. मग ती जागा आपण सोडलीच नसती. ही चार वाक्यं मला त्या सगळ्या कोडपेक्षा मोलाची वाटतात.

लाख अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये सुमारे ५०० कोटी तुकडे पडतात. ते सगळे एकेक करून तपासणारा तुझा पहिला कोड वेळेत का संपला नाही, ते यावरून कळेल. दोन टोकांच्या मिळून चाली फार तर दोन लाख.

मूळ प्रश्नात तुकडा दोन्हींपैकी कोणत्याही अक्षराचा चालतो, म्हणून एकदा ‘क’ मोजून, एकदा ‘प’ मोजून मोठं उत्तर घ्यायचं. के शून्य असताना आणि के लांबीइतका असताना काय होतं, तेही कागदावर करून बघ.

पुढे इंग्रजीची सव्वीसही अक्षरं घे. तिथे तुकड्याच्या लांबीतून सर्वाधिक वेळा आलेल्या अक्षराची संख्या वजा कर. बाकी के-पेक्षा जास्त नको. डावं टोक मागे येत नाही, हे तिथेही खरं आहे का? उत्तरात मला कोड नको, कारण लिहून पाठव.

तुझी,
मावशी