टँकर रिकामा करण्याचे शास्त्र
ग्रामपंचायतींच्या पाणी-टाक्यांची उन्हाळ्यातील व उन्हाळ्यानंतरची निगा

नागपूर शहराच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास अंबाझरी व गोरेवाडा तलावांपासून सुरू होऊन कन्हान नदीपर्यंत व पुढे पेंच प्रकल्पापर्यंत येऊन पोहोचतो. परंतु ज्या वस्तीपर्यंत नळ पोहोचलेला नाही, किंवा ज्या गावची विहीर चैत्र-वैशाखात तळ गाठते, त्या ठिकाणी पाणी चाकांवरूनच येते. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या पट्ट्यात काय किंवा हिंगणा-कळमेश्वरच्या मुरमाड माळावर काय, ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली लोखंडी टाकी हे उन्हाळ्यातील नेहमीचे दृश्य होय. ही टाकी भरावी कशी, कोठून भरावी आणि दररोज किती खेपा कराव्यात, याविषयी टंचाई आराखड्यात पुष्कळ लिहिलेले असते. ती रिकामी कशी करावी, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः टाकीतील पाण्याची शुद्धता ती कशी भरली यावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती कशी रिकामी केली यावरही अवलंबून असते.

थंड हवेच्या देशांत हौशी प्रवासी मोटारीमागे घरासारखी गाडी जोडून हिंडतात. त्या गाडीत पिण्याच्या पाण्याची टाकी असते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते व टाकी आणि नळ्या फोडते, म्हणून हिवाळ्यापूर्वी तेथील लोक ती टाकी काळजीपूर्वक निपटून ठेवतात. विदर्भात ही भीती नाही. आपला शत्रू थंडी नसून ऊन आहे. तापलेल्या टाकीत क्लोरीन लवकर नाहीसे होते, आणि कोमट, साचलेल्या पाण्यात जंतूंची व डासांच्या अळ्यांची वाढ झपाट्याने होते.

‘रिकामी’ टाकी खरोखर रिकामी असते काय?

ट्रॅक्टरच्या टाकीचा नळ सहसा अगदी तळाशी नसतो, तो तळापासून काही अंतर वर बसविलेला असतो. गाळ नळातून जाऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, नळातून पाणी येणे थांबले तरी टाकीत पाणी उरतेच.

हे उरलेले पाणी किती असते, हे एका उदाहरणाने पाहता येईल. आडवी, गोल टाकी १.४० मीटर व्यासाची आणि ३.२५ मीटर लांबीची असेल, तर तिच्यात सुमारे ५,००० लिटर पाणी मावते. नळाचे तोंड तळापासून केवळ ५ सेंटिमीटर उंच असेल, तरी त्याखाली सुमारे ५५ लिटर पाणी शिल्लक राहते. म्हणजे १५ लिटरच्या हिशेबाने जवळजवळ चार हंडे झाले. गाडी उतारावर, नळाची बाजू वर करून उभी असेल, तर हा साठा याहूनही वाढतो. रोज नवे पाणी या जुन्या पाण्यात मिसळते, आणि खेपेगणिक आलेला गाळ तळाशी बसत जातो. गाळ क्लोरीन शोषून घेतो व जंतूंना आसरा देतो. म्हणून वर ओतलेली ब्लीचिंग पावडर पुरेशी असूनही घरच्या हंड्यात क्लोरीनचा अंश आढळत नाही, अशी तक्रार उद्भवल्यास प्रथम टाकीच्या तळाकडे पाहावे.

धार बारीक का होते?

पूर्ण उपसा न होण्याचे दुसरे कारण मानवी स्वभावात आहे. सुरुवातीची जोरदार धार पाहून टाकी लवकर रिकामी होईल, असे वाटते. नंतर धार बारीक होते, चालक कंटाळतो आणि नळ बंद करून पुढच्या खेपेस निघतो. यामागील नियम सतराव्या शतकात इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेली याने मांडला. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग त्याच्यावरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची चौथ्या हिश्शावर आली की वेग निम्मा होतो.

शिक्षकांना हा नियम वर्गात सहज दाखविता येईल. सरळ भिंतींच्या पारदर्शक बाटलीला तळालगत एक छिद्र पाडावे. छिद्राच्या वरील उंचीचे चार समान भाग करून खुणा कराव्यात आणि प्रत्येक भाग उतरण्यास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. एकूण वेळेपैकी पहिल्या भागास सुमारे १३ टक्के, दुसऱ्यास १६, तिसऱ्यास २१ आणि शेवटच्या भागास सुमारे ५० टक्के वेळ लागतो, असे दिसून येईल. गोल टाकीत हे प्रमाण थोडे वेगळे असते, परंतु शेवटी धार मंदावण्याचा नियम तोच. बाटलीचे बूच घट्ट लावून हाच प्रयोग पुन्हा केल्यास धार अडखळते व थांबते. बाहेर गेलेल्या पाण्याची जागा घेण्यास हवा आत यावी लागते, हा धडा त्यातून मिळतो. म्हणून टाकी उपसताना वरचे झाकण अवश्य उघडावे.

उपशाची रीत

टाकी निपटून काढण्यासाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. गाडी पक्क्या, किंचित उताराच्या जागी अशी उभी करावी की नळाची बाजू खाली राहील. चाकांना दगडाची उटी लावावी. टाकी ट्रॅक्टरपासून सोडवायची असल्यास जॅक भक्कम जमिनीवर टेकवावा.

२. वरचे झाकण उघडून मगच नळ सोडावा. तळाशी स्वतंत्र गाळ-नळ असल्यास तोही उघडावा. नवीन टाकी तयार करून घेताना सर्वांत खालच्या बिंदूवर असा नळ बसविण्याची अट ग्रामपंचायतीने कारागिरास घालावी. खर्च थोडा आहे, लाभ कायमचा आहे.

३. रबरी नळी काढून ती उंच धरून निथळावी. नळीत अडकलेले शिळे पाणी पुढच्या खेपेस पहिल्याच हंड्यात पडते, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

४. तळाचा गाळ काढून भिंती लांब दांड्याच्या ब्रशने घासाव्यात व स्वच्छ पाण्याने धुऊन ते पाणीही काढून टाकावे.

घासण्याची ही पायरी गाळू नये. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या भिंतीवर अंडी घालतो. ही अंडी कोरड्या स्थितीत कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या निघतात. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आरोग्य खाते सांगते, त्याचे कारण हेच. पावसाळा लागला की टँकर बंद होतात व गावाच्या कडेला उभे राहतात. त्यांच्या तळाशी उरलेले ते चार हंडे पाणी ऐन डेंग्यूच्या हंगामात गावाला महागात पडू शकते.

टाकीत उतरताना

बंद लोखंडी टाकीत गंज चढताना हवेतील प्राणवायू खर्ची पडतो. त्यामुळे दीर्घकाळ झाकून ठेवलेल्या टाकीत उतरणे जिवावर बेतू शकते. शक्यतो बाहेरूनच सफाई करावी. उतरणे अपरिहार्य असेल तर सर्व झाकणे बराच वेळ उघडी ठेवून हवा खेळू द्यावी, आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा आणि बाहेर एक माणूस सतत उभा असावा. जवळ इंजिन चालू ठेवू नये. आतील माणूस बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये, दोराने त्यास बाहेर ओढावे. ब्लीचिंग पावडरीशी आम्लाचा संयोग झाल्यास विषारी वायू निघतो, म्हणून फरशी धुण्याचे आम्ल टाकीसाठी कदापि वापरू नये.

निर्जंतुकीकरणाचे गणित

धुतलेली टाकी निर्जंतुक करण्यासाठी दर लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन असलेले पाणी भरून ते २४ तास ठेवण्याची पद्धत आहे. ५,००० लिटरच्या टाकीस २५० ग्रॅम क्लोरीन लागेल. पावडरीत २५ टक्के क्लोरीन उपलब्ध असल्यास १ किलो पावडर पुरते. ताज्या पावडरीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के असते व त्या वेळी पाऊण किलो पुरेल. ओलसर खोलीत उघड्या पोत्यात राहिलेल्या पावडरीची शक्ती मात्र झपाट्याने घटते. पावडर कोरडी टाकू नये. बादलीत कालवून, निवळू देऊन वरचे द्रावणच टाकीत ओतावे.

दुसऱ्या दिवशी हे पाणी नळ व नळीवाटे सोडून द्यावे, म्हणजे त्यांचेही निर्जंतुकीकरण होते. ते नाल्यात, तलावात अथवा विहिरीजवळ सोडू नये. मोकळ्या, पडीक जागी सोडावे. त्यानंतर पिण्याचे पाणी भरून ओ.टी. चाचणी घ्यावी. ग्राहकाच्या हंड्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आढळले पाहिजे. ज्या टाकीत पूर्वी डिझेल अथवा बागेतील फवारणीची औषधे होती, ती टाकी कितीही धुतली तरी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये.

नागपूरचा व लातूरचा दाखला

या विषयात नागपूरला एक मानाचे स्थान आहे. १९५८ साली येथे केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, या नावाने ओळखली जाते. लहान विहिरींत क्लोरीन सावकाश मिसळावे म्हणून मडक्यात मडके ठेवण्याची जी सुटसुटीत युक्ती खेड्यापाड्यांत पोहोचली, ती याच संस्थेची देणगी होय. शास्त्र महागड्या यंत्रातच असते असे नाही, ते मडक्यातही असते आणि टाकीच्या तळाशी बसविलेल्या एका नळातही असते.

दुसरा दाखला लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये तीव्र दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्यात आले. पहिल्या गाडीस १० टाकी-डबे होते व त्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. हे डबे वापरण्यापूर्वी राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत वाफेने स्वच्छ करण्यात आले होते. शहर तहानलेले असतानाही डब्यांच्या सफाईची पायरी वगळण्यात आली नाही. ५,००० लिटरच्या टाकीसही हाच न्याय लागू आहे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

खेपांच्या नोंदवहीत ‘टाकी उपसली व धुतली’ असा एक रकाना वाढवावा आणि त्यावर चालकाबरोबर जलसुरक्षकाचीही सही घ्यावी. टँकर खाजगी असल्यास ही अट करारपत्रातच घालावी. उपशातले साधे पाणी झाडांना द्यावे, म्हणजे टंचाईच्या दिवसांत पाणी वाया जाते अशी तक्रार राहणार नाही. हंगाम संपताच टाकी निपटून, घासून, वाळवून, झाकण जाळीने बंद करून शेडखाली ठेवावी. पुढील उन्हाळ्यात पहिली खेप निघण्यापूर्वी सरपंच व सभासदांनी टाकीचे झाकण स्वतः उघडून, टॉर्चच्या उजेडात तळ पाहूनच खेपेस परवानगी द्यावी.