परसातील गाजर गवत : निर्धोक निर्मूलनाची रीत

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की परसात, गोठ्यामागे, विहिरीच्या काठी आणि शाळेच्या कुंपणालगत गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली पाने असलेले एक रोप उगवते. पाहता पाहता ते कमरेइतके, कधी छातीइतके वाढते व त्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. हेच गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. इंदूर-ग्वाल्हेरकडे यास गाजरघास, बेळगावकडील कानडी बोलणारे काँग्रेस हुल्लू, तर हैदराबादकडील तेलुगू भाषक वय्यारिभामा म्हणतात. नाव कोणतेही असो, उपद्रव एकच.

वस्तुतः हे गवत नव्हे. सूर्यफूल व शेवंती यांच्या कुळातील ही वनस्पती आहे. तिचे मूळ स्थान मेक्सिको व अमेरिकेचा उष्ण प्रदेश. 1950 नंतरच्या दशकात पुणे परिसरात तिची नोंद झाली आणि त्यानंतर ती देशभर पसरली.

स्पर्शाचा धोका

या वनस्पतीत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्यामुळे त्वचेला खाज सुटते, पुरळ उठतो व त्वचा लाल होऊन सुजते. परागकणांमुळे काहींना सर्दी व दम्याचा त्रास होतो. जनावरांनी हा पाला खाल्ल्यास दुधास कडवट चव येते.

“आम्ही वर्षानुवर्षे हातानेच उपटतो, काही होत नाही,” असे पुष्कळ ग्रामस्थ सांगतात. हा समज घातक आहे. हा विकार बहुधा पहिल्या स्पर्शाने होत नाही. वारंवार संपर्क येता येता शरीर त्या द्रव्यास असहिष्णु बनते, आणि मग एके दिवशी अल्प संपर्कही पुरेसा होतो. पुढे तर हात न लावता, वाऱ्यावर उडणाऱ्या सुक्या कणांनीही पापण्या, मान, कानामागील भाग आणि कोपराची लवण येथे विकार उद्भवतो. काही रोग्यांची त्वचा जाड व काळपट होते आणि दुखणे अनेक वर्षे पाठ सोडत नाही. म्हणून आज त्रास नाही त्यानेही सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे.

केव्हा काढावे

रोप उगवल्यापासून सुमारे 4 ते 6 आठवड्यांत फुलावर येते. एक मोठे झाड 10 ते 25 हजार बिया देऊ शकते व मातीत गाडलेले बी काही वर्षे जिवंत राहते. यास्तव फुलोऱ्यापूर्वीच ते काढणे हाच खरा उपाय होय. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी परसात एक फेरी मारून कोवळी रोपे काढावीत. पाऊस उघडून जमिनीला वाफसा आला की रोप मुळासकट सहज निघते. केवळ विळ्याने कापल्यास बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, हे ध्यानात ठेवावे.

कसे काढावे

पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. हातात रबरी हातमोजे चढवावेत. ते नसल्यास हातांवर प्लास्टिकच्या जाड पिशव्या बांधाव्यात. नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे. खुरप्याने बुडाची माती सैल करून रोप मुळासह उपटावे. काम चालू असता चेहऱ्यास वा डोळ्यांस हात लावू नये. काम संपताच साबणाने स्नान करावे, कपडे वेगळे धुवावेत व अवजारेही धुऊन ठेवावीत. ज्यांना पूर्वी त्रास झाला आहे त्यांनी हे काम स्वतः करू नये. पुरळ उठल्यास घरगुती लेप लावीत न बसता जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे.

परसबागेत मिठाचे पाणी फवारू नये; त्याने जमीन बिघडते व भाजीपालाही मरतो.

विल्हेवाट

उपटलेले गवत रस्त्याकडेला टाकू नये आणि वाळवून जाळूही नये. सुकलेल्या पानांचा चुरा व धूर हवेत पसरतो. फुले न आलेली रोपे खड्ड्यात थराथराने घालून प्रत्येक थरावर शेणकाला व माती टाकल्यास 4 ते 5 महिन्यांत उत्तम खत मिळते. फुलांवर आलेली झाडे मात्र खतात मिसळू नयेत. ती खोल खड्ड्यात पुरून वर भरपूर माती दाबावी.

पुन्हा उगवू नये म्हणून

मोकळी जागा दिसली की हे तण पुन्हा शिरते. म्हणून हिवाळ्यात टाकळ्याचे बी गोळा करून ते पावसाळ्यापूर्वी त्या जागी फोकावे. टाकळा दाट वाढून गाजर गवतास दडपतो आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजीही होते. पांढरट पंखांवर गडद रेषा असलेले लहान भुंगे गाजर गवताची पाने खाताना आढळल्यास त्यांना मारू नये. हे मेक्सिकन भुंगे याच कामासाठी 1983 साली बेंगळुरू येथे आणले गेले व चाचण्यांनंतर 1984 पासून मोकळे सोडण्यात आले.

शाळा व ग्रामपंचायत

श्रमदानाच्या उत्साहात विद्यार्थ्यांकडून हे गवत उघड्या हातांनी उपटून घेतले जाते. शिक्षकांनी हे कटाक्षाने टाळावे. मुलांना रोप ओळखण्यास शिकवावे. उपटण्याचे काम संरक्षक साधनांसह प्रौढांनी करावे. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने ऑगस्ट महिन्यात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने ग्रामपंचायतीने सार्वजनिक जागा, रस्त्यांच्या कडा व ओढ्याचे काठ एकाच वेळी स्वच्छ करून घ्यावेत. एकाने आपले परसू निर्मळ केले आणि शेजारी झाड फुलत राहिले, तर वाहत्या पाण्याबरोबर व चिखलाने भरलेल्या पायांबरोबर बी पुन्हा अंगणात येणारच. साऱ्या गावाने फुलोऱ्यापूर्वी एकदिलाने हे काम हाती घेतले, तरच ते तडीस जाईल.