मागून पाणी येते का?

माझे मामा रिव्हिएर न्वारला राहतात. ते एका शिडाच्या नौकेची देखभाल करतात. ही नौका पाहुण्यांना समुद्रात फिरवून आणते. तिच्यावर उंच डोलकाठी आहे, दोन पांढरी शिडे आहेत आणि आतल्या पायऱ्यांखाली एका पेटीत डिझेलवर चालणारे लहानसे इंजिन आहे.

एका शनिवारी ताई आणि मी मामांकडे गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा पाहुणे येणार होते. मामा इंजिनाची पेटी उघडून बसले होते.

मी विचारले, "मामा, नौकेला शिडे आहेत. मग इंजिन कशाला हवे?"

मामा म्हणाले, "आपल्या बेटावर वारा बहुधा आग्नेयेकडून येतो. आपण आहोत पश्चिम किनाऱ्यावर. मध्ये डोंगर आहेत. त्यांच्या आडोशाला वारा कधीकधी एकदम पडतो. शिडे ओल्या चादरीसारखी लोंबत राहतात. शिवाय प्रवाळाच्या बांधातून ये-जा करण्याची वाट अरुंद असते. तेथे इंजिन लागतेच. एकदा मी त्या वाटेने आत येत होतो. वारा नव्हता. अचानक इंजिन तापले आणि मला ते बंद करावे लागले. लाटा नौकेला प्रवाळाकडे ढकलू लागल्या. वेळेवर नांगर टाकला म्हणून वाचलो."

"इंजिन का तापले?" ताईने विचारले.

"एका प्लास्टिकच्या पिशवीमुळे! नौकेच्या तळाला एक भोक असते. त्यातून इंजिन समुद्राचे पाणी ओढते. पिशवी नेमकी तेथे चिकटली होती."

मला हसू आले. पण मामा हसत नव्हते.

मग त्यांनी आम्हांला इंजिन समजावून सांगितले. इंजिनात डिझेल जळते, म्हणून ते तापते. मोटारीला पुढून वारा लागतो. नौकेचे इंजिन बंद पेटीत असते. तेथे वारा कोठून येणार? म्हणून समुद्राच्या पाण्याने ते थंड करतात.

"मग समुद्राचे पाणी सरळ इंजिनात सोडायचे?" मी विचारले.

"काही जुन्या इंजिनांत तसेच करतात. पण एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. त्याने इंजिन आतून गंजते, क्षारांचे थर बसतात. आई गरम दुधाचे भांडे थंड पाण्याच्या परातीत ठेवते, ते तुम्ही पाहिले आहे ना? दूध थंड होते, पण परातीतले पाणी दुधात जात नाही. तसेच येथे आहे. इंजिनात गोडे पाणी फिरते. ते तापले की या कूलरमध्ये येते. कूलरमध्ये बारीक नळ्या आहेत. नळ्यांच्या आतून समुद्राचे पाणी वाहते आणि बाहेरून गोडे पाणी. शेवटी समुद्राचे पाणी गरम धुरात मिसळते, धुरालाही थंड करते आणि नौकेच्या मागच्या बाजूने बाहेर पडते."

गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण मामांनी आधीच उघडले होते. इंजिन गरम असताना ते झाकण कधीही उघडायचे नाही. उकळते पाणी अंगावर उडते.

आता कामाला सुरुवात झाली. मामांनी तळाच्या नळाचा दांडा फिरवून आडवा केला. दांडा नळीच्या रेषेत असला की नळ उघडा. आडवा असला की बंद. नळ बंद केल्यावर त्यांनी इंजिनाची किल्ली त्याच दांड्याला अडकवली.

"किल्ली येथे का?" ताई म्हणाली.

"किल्ली घ्यायला आलो की नळ उघडण्याची आठवण होते."

मग त्यांनी गाळणीचे झाकण काढले. आत शेवाळ होते, गवतासारखे तंतू होते आणि नखाएवढा एक खेकडा होता. तो जिवंत होता. ताईने त्याला समुद्रात सोडले. गाळणी आम्ही ब्रशने धुतली.

नंतर मामांनी पंप उघडला. त्यात रबराचे एक चक्र होते. त्याला इंपेलर म्हणतात. ते फुलासारखे दिसते. सहा पाकळ्या असायला हव्या होत्या. मी मोजल्या, तर चारच होत्या.

"दोन तुटल्या. आता नवे चक्र बसवूया," मी म्हणालो.

"थांब. त्या दोन पाकळ्या गेल्या कोठे?" मामांनी विचारले.

एक तुकडा पंपातच सापडला. दुसरा काही सापडेना. मामांनी नळी सोडली, बॅटरीचा उजेड पाडला, चिमट्याने चाचपले. अर्धा तास गेला. शेवटी कूलरच्या तोंडाशी तो तुकडा मिळाला. तो तसाच राहिला असता, तर नळ्यांची वाट अडली असती. मामांनी नव्या चक्राला ग्लिसरीन लावले आणि पाकळ्या फिरण्याच्या दिशेला वाकवून ते बसवले.

कूलरमध्ये जस्ताची एक कांडी असते. खारे पाणी आधी जस्ताला खाते, म्हणून कूलरचा धातू टिकतो. मामांच्या हातातली कांडी अर्धीच उरली होती. त्यांनी नवी घातली.

"जा, किल्ली आण," मामा मला म्हणाले. मी धावत गेलो, किल्ली आणून दिली आणि नौकेच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मागून पाणी येते का, ते पाहण्याचे काम माझे होते.

इंजिन सुरू झाले. धूर आला. मी मोजू लागलो. एक, दोन, तीन... दहा. पाणी नाही!

"मामा, बंद करा! पाणी येत नाही!"

इंजिन लगेच थांबले. मामा खाली वाकले. नळाचा दांडा आडवाच होता. किल्ली काढण्याच्या घाईत मी नळ उघडायला विसरलो होतो. माझी मान खाली गेली.

मामा म्हणाले, "किल्ली मीच काढायला हवी होती. पण तू ओरडलास वेळेवर. पाण्याशिवाय हे रबर फार वेळ टिकत नाही." त्यांनी पंप पुन्हा उघडून चक्र तपासले. सहाही पाकळ्या शाबूत होत्या.

या वेळी दांडा मीच फिरवला. इंजिन सुरू झाले आणि थोड्याच वेळात मागून फस् फस् करीत पाणी उडू लागले. ताईचे पाय भिजले.

स्वाध्याय

१. मामांना इंजिन कोठे बंद करावे लागले? का?
२. मामा किल्ली नळाच्या दांड्याला का अडकवत?
३. तुटलेल्या पाकळ्या शोधणे का जरुरीचे होते?
४. गरम चहाचा पेला थंड पाण्याच्या वाडग्यात ठेवा. थोड्या वेळाने वाडग्यातल्या पाण्याला हात लावून पाहा. काय जाणवले ते चार ओळींत लिहा.