उन्हाळ्यातली पक्षिवही

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा 42 अंशांच्याही पुढे जातो. दुपारी रस्ते ओस पडतात. कुत्रीसुद्धा गाडीखालची सावली सोडत नाहीत. अशा दिवसांत 'पक्षी पाहायला चला' असे कोणी म्हटले, तर तुम्ही हसाल. हिवाळ्यात हिप्परग्याच्या तलावावर दूरदेशीची बदके उतरतात, तेव्हा गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसे तिकडे जाताना दिसतात. उन्हाळा लागला, की पाहुणी बदके परत जातात आणि दुर्बिणीही कपाटात जातात. मात्र जे पक्षी बारा महिने आपल्या शेजारी राहतात, त्यांच्यापैकी अनेकांची घरटी, अंडी आणि पिल्ले याच दिवसांत असतात. पाहुणे गेल्यावर घरच्या माणसांकडे लक्ष द्यायला सवड मिळते, तसेच हे आहे.

दुर्बीण नसली तरी चालते. एक वही आणि एक पेन्सिल मात्र हवी. फजरच्या नमाजनंतर उजाडू लागते, तेव्हापासून आठ वाजेपर्यंतची वेळ सर्वांत चांगली. वहीचे डावे पान आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींसाठी ठेवा. तेथे तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता ते लिहा. उजवे पान लोकांकडून ऐकलेल्या गोष्टींसाठी ठेवा. दोन्ही पाने भरा, पण एका पानावरची गोष्ट दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नका. हे वाटते तितके सोपे नाही.

कोकिळेचेच उदाहरण घ्या. उर्दूत आपण तिला 'कोयल' म्हणतो आणि 'कोयल गाती है' असे वाक्य लिहितो. मराठीतही 'कोकिळा गाते' असेच सगळे म्हणतात. आता आवाज येतो ते झाड शोधा आणि पानांत नीट पाहा. 'कुहू कुहू' करणारा पक्षी काळाभोर असतो आणि त्याचे डोळे लालभडक असतात. तो नर आहे. मादी तपकिरी रंगाची असून तिच्या अंगावर पांढरे ठिपके असतात. ती 'किक् किक्' असा तुटक आवाज काढते. म्हणून मराठीत 'कोकीळ गातो' असे पुल्लिंगी वाक्य लिहिणेच बरोबर आहे. कवींनी कोकिळेला गायला लावले आहे, त्याला आपली हरकत नाही. कविता उजव्या पानावर राहील. डाव्या पानावर आणखी एक नोंद करा : ज्या झाडावर कावळ्याचे घरटे आहे, त्याच्या आसपास कोकिळेची मादी किती वेळा येते? ती स्वतः घरटे बांधत नाही. आपली अंडी ती कावळ्याच्या घरट्यात घालते आणि तिची पिल्ले कावळा वाढवतो.

आवाजांच्या बाबतीत तर आपल्या दोन भाषांची मोठी गंमत आहे. मे महिन्याच्या अखेरीस, आभाळात ढग जमू लागले, की एक पक्षी एकसारखा ओरडू लागतो. त्याचा आवाज चढत चढत जातो आणि मग एकदम थांबतो. मराठी शेतकऱ्याला त्यात 'पेरते व्हा, पेरते व्हा' असे ऐकू येते. तो या पक्ष्याला 'पावशा' म्हणतो, कारण तो पावसाची वर्दी देतो. उर्दूत हाच 'पपीहा', आणि तो विचारतो, 'पी कहाँ? पी कहाँ?' पक्षी एकच आणि त्याचा स्वरही एकच, पण एका कानाला पेरणी ऐकू येते आणि दुसऱ्याला विरह! मला दोन्ही आवडतात. मात्र पक्ष्याच्या मनात यांतले काहीच नसते. नर पावशा मादीला बोलावत असतो आणि 'ही जागा माझी' असे इतर नरांना बजावत असतो. पावशाची मादीही घरटे बांधत नाही. तिची अंडी 'सातभाई' या पक्ष्यांच्या घरट्यात सापडतात. हे सातभाई मातकट रंगाचे असतात आणि सहा-सात-आठ जणांच्या टोळीने कलकलाट करत अंगणात उतरतात. त्यांना हिंदी-उर्दूत 'सात बहनें' म्हणतात. भाऊ की बहिणी? टोळीत दोन्ही असतात.

हुदहुदाविषयी तुम्हांला सांगायला नकोच. कुरआन शरीफमध्ये सूरह नम्लमध्ये हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या फौजेतल्या या पक्ष्याची हकिकत आहे. हजेरीच्या वेळी तो गैरहजर होता. नंतर तो आला, तो सबा देशाची पक्की खबर घेऊनच. सुलेमान अलैहिस्सलाम यांनी ती खबर लगेच खरी मानली नाही, तू खरे बोलतोस की नाही ते पाहू, असे ते म्हणाले आणि पत्र देऊन त्यालाच परत पाठवले. एवढ्या ओळखीच्या पक्ष्याला आपण ओळखतो का? पुष्कळ घरांत झाडाच्या खोडावर टक् टक् करणाऱ्या पक्ष्यालाच हुदहुद म्हणतात. तो सुतारपक्षी आहे. खरा हुदहुद मैदानात जमिनीवर चालतो आणि लांब, बाकदार चोच मातीत खुपसून किडे काढतो. त्याच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे असतात. डोक्यावर तुरा असतो. तो मिटलेला असला, की डोके हातोड्यासारखे दिसते, आणि उघडला, की पंख्यासारखे. उन्हाळ्यात एखाद्या जुन्या भिंतीच्या भोकात तो पुन्हा पुन्हा शिरताना दिसला, तर आत पिल्ले आहेत असे समजा. भोकाजवळ नाक नेऊ नका. अंडी-पिल्लांच्या काळात मादीच्या अंगातून एक दुर्गंधी द्रव पाझरतो आणि घरटे घाण वासाने भरून जाते. शत्रू दूर ठेवण्याचा हा तिचा उपाय आहे.

आता टिटवीची गोष्ट. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे.

आठवीतल्या एका मुलीच्या घरामागे मोकळा प्लॉट होता. एप्रिलमध्ये तेथे रोज रात्री टिटवी ओरडू लागली. त्याच आठवड्यात तिच्या नानीला ताप आला. टिटवी ओरडली, की घरात काहीतरी वाईट घडते, ही समजूत आपल्याकडे सर्व धर्मांच्या घरांत आहे. मुलीच्या मामांनी ठरवले, की अंडी शोधून फेकून द्यायची. मुलगी मला म्हणाली, "सर, मामूंना चार दिवस थांबायला सांगितलं आहे. मी वही लिहिते."

तिने वही लिहिली. ती मी पाहिली आहे. उजव्या पानावर नानीचे म्हणणे जसेच्या तसे होते. डाव्या पानावर वेळा होत्या. रात्री 9.40, प्लॉटमधून कुत्रा गेला, टिटवी ओरडली. 11.15, शेजारचे काका कामावरून आले, प्लॉटमधून आडवे आले, टिटवी ओरडली. पहाटे 4.50, पुन्हा कुत्रा. कोणी आले नाही तेव्हा टिटवी गप्प होती. दिवसा तिने गच्चीवरून पाहिले. खड्यांच्या मध्ये एका उथळ खळग्यात चार अंडी होती. त्यांचा रंग मातीसारखा, वर काळपट ठिपके. नजर हलली, की अंडी पुन्हा सापडत नसत. दुपारी एक वाजता टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती. ती पंख जरा पसरून त्यांच्यावर सावली धरून उभी होती. मग तिचा जोडीदार नळाच्या गळक्या पाण्याच्या डबक्यातून आला. त्याच्या पोटाची पिसे भिजलेली होती. तो आला तशी पहिली टिटवी उठली आणि तो ओल्या पोटाने अंड्यांवर बसला.

ही शेवटची नोंद वाचून मला फार आनंद झाला. इतर ऋतूंत पक्षी अंडी उबवतात, पण सोलापूरच्या उन्हात तापलेल्या जमिनीवर अंडी थंड ठेवावी लागतात, नाहीतर आतले पिल्लू मरते. टिटव्या पोटाची पिसे भिजवून हे काम करतात, हे पक्षितज्ज्ञांनी लिहून ठेवलेले आहे. त्या मुलीने ते वाचलेले नव्हते, तिने ते पाहिले.

चौथ्या दिवशी तिने नानीच्या खाटेजवळ बसून डावे पान वाचून दाखवले. नानी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे ती बिचारी रखवाली करते." मामू मात्र म्हणाले, की योगायोग आहे. तरीही अंडी राहिली. साधारण चार आठवड्यांनी पिल्ले निघाली. ती त्याच दिवशी चालू लागली. आईबाप ओरडले, की ती जमिनीला चिकटून अशी स्तब्ध होत, की पायाखाली येतील असे वाटे.

टिटवीविषयी शेतकऱ्यांचेही एक म्हणणे आहे : तिने उंच जागी अंडी घातली तर पाऊस जास्त, सखल जागी घातली तर कमी. हे खोटे आहे असे मी म्हणत नाही आणि खरे आहे असेही म्हणत नाही. उजव्या पानावर लिहा. डाव्या पानावर दरवर्षी घरट्याची जागा आणि त्या वर्षीचा पाऊस लिहीत जा. दहा वर्षांनी आपण बोलू.

अशा चिकाटीने पाहणारा सर्वांत मोठा माणूस आपल्याच राज्यात होऊन गेला. डॉ. सालिम अली यांचा जन्म 1896 मध्ये मुंबईत झाला. 1930 च्या सुमारास ते जर्मनीहून शिकून आले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे त्यांनी पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची घरटी तासन् तास पाहिली. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून घरटे मादी विणते असे आपण धरून चालतो. पण घरटे विणतो तो नर. तो ते अर्धे विणून थांबतो. मादी येऊन आत शिरते, तपासते. पसंत पडले तर ती राहते आणि मग नर ते पुरे करतो. एवढ्यावर न थांबता तो दुसऱ्या मादीसाठी दुसरे घरटे विणायला घेतो. शेकडो वर्षे ही घरटी विहिरींवर लोंबकळत होती आणि शेकडो माणसे रोज तेथे पाणी भरत होती.

सोलापूरहून सुमारे वीस किलोमीटरवर नान्नजचे माळरान आहे. उन्हाळ्यात ते वाळलेल्या गवताने पिवळे पडते. वनखात्याची परवानगी घेऊन सकाळी तेथे गेलात, तर पखुर्डी पाणवठ्यावर उतरताना दिसेल. तिचा नर पोटाच्या पिसांत पाणी भरून दूरवरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. हे माळरान 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. मोराऐवजी माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असे सालिम अलींचे मत होते. आज देशभर मिळून दोनशेहूनही कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. माळरानांची शेती झाली, विजेच्या तारा आडव्या आल्या. नान्नजला पूर्वी किती होते, हे आज सांगता येते, कारण कोणीतरी त्या वेळी उन्हात उभे राहून मोजले आणि लिहिले.

तुमच्या वहीत मेच्या शेवटच्या पानावर एक ओळ रिकामी ठेवा. काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा असलेला चातक पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. तो फक्त पावसाचे थेंब पितो, हे उजव्या पानावर. तो तुम्हांला कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या तारेवर बसलेला दिसला, हे त्या रिकाम्या ओळीवर.

स्वाध्याय

1. टिटवी रात्री केव्हा केव्हा ओरडत होती? मुलीने काढलेला निष्कर्ष तुमच्या शब्दांत लिहा.
2. भर उन्हात टिटव्या अंडी कशी सांभाळतात?
3. 'कोकीळ', 'पावशा', 'चातक' हे शब्द वाक्यांत वापरा. क्रियापदाच्या लिंगाकडे लक्ष द्या.
4. तुमच्या घरी एखाद्या पक्ष्याविषयी कोणती समजूत आहे? ती नानी, दादी किंवा अब्बांना विचारून उजव्या पानावर मराठीत लिहा.
5. सलग चार दिवस एकाच पक्ष्याकडे पाहा आणि डावे पान भरा. घरट्याला हात लावू नका.