वैदर्भीय उन्हाळा आणि आपले घर

आमच्याकडे उन्हाळा हा बोलण्याचा विषय आहे, अभ्यासाचा नाही. ‘यंदा फारच तापते आहे’ हे वाक्य दरवर्षी चैत्रात सुरू होते आणि मृगाचा पहिला शिडकावा होईपर्यंत चालते. त्यापलीकडे आपण सहसा जात नाही. भूगोलाची विद्यार्थिनी या नात्याने मला वाटू लागले की, ज्या घरात आपण हे ऊन काढतो ते घर तापते कसे आणि निवते कसे, याचा थोडा विचार करून पाहावा. वर्गात आर्द्रता, बाष्पीभवन, उष्णतेचे वहन हे सारे लिहून घ्यायचे आणि घरी येऊन कूलरपुढे बसून ‘आज गार का लागत नाही?’ असे विचारायचे, हे काही बरे नव्हे.

नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले. मे २०२४ च्या अखेरीस तेथील एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे ती नोंद यंत्रातील दोषामुळे झाल्याचे हवामान खात्याने सांगितले. वर्तमानपत्रांना मात्र दोन दिवस पुरली! पण हे सारे आकडे सावलीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. उन्हात पडलेले टिनाचे पत्रे साठ अंशांच्याही वर जातात. म्हणजे टिनाच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर किती तापते आहे, ते वर्तमानपत्रातील आकड्यावरून कळतच नाही.

ऊन घरात शिरते कोठून? आपण खिडक्यांना पडदे लावतो, दारे लोटून घेतो. ते योग्यच आहे. परंतु नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि मेच्या २६ तारखेच्या आसपास तेथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच पडते. आपल्या आजी-आजोबांचा नवतपाही त्याच सुमारास, सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की, सुरू होतो. सूर्य असा माथ्यावर असताना दक्षिणेकडच्या भिंतीला जवळजवळ ऊन लागत नाही. सगळा मारा छतावर होतो. त्याखालोखाल पश्चिमेची भिंत. तिसऱ्या प्रहरी सूर्य कलला की किरणे तिरपी येऊन तिच्यावर सरळ आदळतात. तेथे खिडकीवरच्या छज्जाचा उपयोग नाही, कारण ऊन छज्जाखालून आत येते. तेथे उभा आडोसाच पाहिजे: बांबूची ताटी, जाड गोणपाट, एखादा वेल, किंवा जागा असेल तर कडुनिंबाचे झाड. तेव्हा घर थंड ठेवायचे तर आधी छत आणि मग पश्चिमेची बाजू, हा क्रम आहे. आपला खर्च मात्र बहुधा उलट्या क्रमाने होतो.

छताच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी बराच विचार केलेला दिसतो. मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम विदर्भाचा काही भाग येथे धाब्याची घरे होती; क्वचित आजही आहेत. लाकडी सरे, त्यावर काटक्या-पाल्याचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंतीही त्याच मातीच्या, हात-दीड हात रुंद. अशी भिंत दिवसभर ऊन पिते. पण ती उष्णता आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत आठ-दहा तास लोटतात. तोवर बाहेर रात्र झालेली असते, दारे-खिडक्या उघडता येतात आणि घरातली माणसे अंगणात बाजेवर असतात. दुपारी घरात आणि रात्री बाहेर ही आपल्याकडची जुनी रीत या भिंतींच्या चालीशी अगदी जुळणारी होती.

पूर्व विदर्भात पाऊस अधिक, म्हणून तेथे उतरते छप्पर आणि कवेलू. एकावर एक पालथे-उताणे मांडलेल्या कवेलूंच्या फटींतून आतली तापलेली हवा वर निघून जाते. खाली माळा असेल तर उन्हाच्या आणि आपल्या मध्ये आणखी एक पडदा होतो. आता कवेलू का गेले, असे विचारले तर आमच्या गावातली मंडळी एका शब्दात उत्तर देतात: वानरे! दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, आणि आठ दिवसांत वानरांच्या टोळीने पुन्हा नाचून जायचे. फेरणारे कारागीर मिळत नाहीत, कुंभार कवेलू घडवीत नाहीत. तेव्हा जुन्या घरांचे गोडवे गाताना ज्यांना ती सांभाळावी लागली त्यांचेही ऐकले पाहिजे. पावसाळ्यात धाबे गळू लागले की रात्रभर भांडी मांडीत बसणाऱ्या बाईला त्या मातीचे काव्य सुचत नाही.

कवेलूंच्या जागी टिन आले, आणि ज्याला ऐपत होती त्याने स्लॅब टाकला. टिनाला साठवण नाही. ऊन आले की पाच-दहा मिनिटांत आत भट्टी, सूर्य मावळला की लवकर थंड. स्लॅबचे दुखणे निराळे. चार-पाच इंचांचे काँक्रीट दुपारचे ऊन तीन-चार तासांत खाली पोहोचवते, म्हणजे नेमके संध्याकाळी आणि रात्री, आपण घरात असताना. रात्री दहाला छताला हात लावून पाहावा. कोमट नव्हे, चांगले गरम लागते. वर पंखा फिरत असतो तो छताजवळची तापलेली हवाच खाली ढकलत असतो. बाहेर पारा ४० च्या वर असेल तर नुसत्या पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते; कारण शरीराहून गरम वारा अंगावर आला तर तो अंग निववीत नाही, उलट तापवतो.

आता कूलरकडे वळू. कूलर, माठ आणि वाळ्याची ताटी ही तिन्ही एकाच तत्त्वावर चालतात. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती आजूबाजूच्या हवेतून घेतली जाते. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेते. कालिदासाच्या ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्माने होतो आणि तेथेही कारंज्यांची घरे, चंदन हा सारा थाट आहे. थाट राजवाड्यातला असला तरी तत्त्व आपल्या रांजणाचेच!

पण या तत्त्वाला एक मर्यादा आहे, आणि ती समजली की पुष्कळ कोडी सुटतात. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात कोरड्या व ओल्या फुग्याचा तापमापक वापरतात. ओल्या फुग्यावर ओले फडके असते. त्याचा पारा जेथे थांबतो त्याच्या खाली कोणताही कूलर हवा नेऊ शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओला फुगा २२-२३ अंशांच्या आसपास थांबतो. म्हणजे वीसएक अंशांचा वाव! कूलर तो सगळा गाठत नाही, तरी निम्म्याहून बराच अधिक गाठतो. याउलट मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर ओला फुगा २८ च्या वरच राहतो. वाव जेमतेम सहा अंशांचा. म्हणून मुंबईचे पाहुणे आपल्या कूलरचे कौतुक करतात आणि तोच कूलर मुंबईला नेला तर कपाळाला हात लावतात. मृग लागल्यावर आपलाही कूलर असाच निकामी होतो. त्यात कूलरचा दोष नाही.

याच कारणाने कूलर लावून दारे-खिडक्या गच्च बंद करणे ही मोठी चूक आहे. आत ओलावा साठत जातो, ओला फुगा वर चढतो आणि अंग चिकचिकते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी पाहिजे, म्हणजे आलेली हवा तिकडून निघून जाते. कूलरही सावलीत, शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीला असावा. ताट्या दरवर्षी बदलाव्यात. क्षार बसून कडक झालेल्या ताटीतून ना पाणी नीट झिरपते ना वारा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. आणि पाणी भरताना प्लग काढल्याशिवाय कूलरला हात लावू नये. हे वाक्य बारीक अक्षरांत छापण्याजोगे नाही. ओली फरशी, लोखंडी पेटी आणि उतरलेला करंट यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे मरतात, आणि त्यांत मुले असतात.

मध्यम आकाराचा कूलर कोरड्या हवेत तासाला दहाएक लिटर पाणी पितो. रात्रभराचे धरले तर सात-आठ घागरी झाल्या. नळ असलेल्या घरी हे जाणवत नाही. जेथे हातपंपावर किंवा टँकरवर रांग लागते तेथे ही घागर कोण आणते? पूर्वी साहेबांच्या बंगल्यात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायला आणि पंख्याची दोरी ओढायला गडी ठेवलेले असत; ते स्वतः उन्हात असत. आज गडी नाहीत, पण डोक्यावरची घागर बहुतेक घरी बाईच्याच डोक्यावर आहे. आणि कूलर कोठे असतो? बैठकीत. स्वयंपाकघरात कूलर मी अद्याप पाहिलेला नाही. ज्योत विझते हे कारण खरे आहे; परंतु मग स्वयंपाकघर पश्चिमेला, टिनाखाली, एका झरोक्याचे का बांधायचे, याला उत्तर नाही. बांधतानाच तेथे उंच झरोका आणि समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर फारसा खर्च येत नाही. निदान उन्हाळ्याचे दोन महिने स्वयंपाक सकाळी आठच्या आत आटोपण्याची सवय घरातल्या पुरुषमंडळींनी मान्य करावी. गरम पोळीचा आग्रह दिवाळीनंतर धरता येईल.

हा प्रश्न सुखसोयींचाच आहे असे ज्यांना वाटते त्यांनी अहमदाबादचे उदाहरण पाहावे. तेथे मे २०१० मध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली, असा हिशेब पुढे अभ्यासकांनी मांडला. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहान कमी लागते. रात्रीही घर निवले नाही तर शरीराला उसंतच मिळत नाही. २०१३ साली त्या महानगरपालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही हाती घेतले.

हा शेवटचा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो स्वस्त आहे आणि त्याला पाणी-वीज लागत नाही. मळकट सिमेंटचा स्लॅब उन्हाचा पाव-तीस टक्के भाग परत फेकतो. ताजा पांढरा चुना सत्तर टक्क्यांच्या वर. स्लॅब आधी खराट्याने स्वच्छ झाडून धुवावा, चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यावा, चिकटण्यासाठी त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळावा आणि दोन हात द्यावेत. दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेने. टिनावर चुना टिकत नाही; तेथे पांढरा ऑइलपेंट लावावा, किंवा तुऱ्हाट्या-पऱ्हाट्यांचा थर घालावा. मात्र या वाळलेल्या थराला ठिणगीचे भय असते, म्हणून चुलीचा धूर जेथून निघतो ती बाजू मोकळी सोडावी. धूळ बसली की पांढरेपणा उतरतो आणि पावसाळ्यात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षी होळीच्या सुमारास, ऊन चढण्यापूर्वी करावे लागते. एका खोलीच्या छताला दोन माणसांची एक सकाळ पुरते. चुना हाताळताना डोळे सांभाळावेत, आणि काम आठच्या आत संपवावे. नंतर त्या पांढऱ्या छतावर डोळे उघडत नाहीत.