पाचपैकी चार

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) लढतीतली दुसरी फेरी संपून माझ्या तालमीतला मुलगा स्टुलावर येऊन बसला. उजव्या मांडीवर लाथांचे लाल वळ उठले होते. मी मानेवर बर्फाची पिशवी धरली, तसा तो म्हणाला, "वस्ताद, एकदा पट काढून बघू का?" मी नाही म्हणालो. समोरच्या पोराचा 'टेकडाउन डिफेन्स', म्हणजे पाडायचे किती प्रयत्न त्याने परतवले तो टक्का, माझ्या वहीत 80 लिहिलेला होता. पट फसला तर उरलासुरला दम जाईल, उभ्यानेच खेळ, असं मी बजावलं. त्याने ऐकलं. तिन्ही जजांचा निकाल आमच्या विरुद्ध गेला.

सात वर्षं मातीत घोटलेला मुलगा. एकेरी पट हा त्याचा हुकमी डाव, आणि एका टक्क्यापायी मी तोच त्याच्या हातून काढून घेतला.

घरी आल्यावर समोरच्या पोराच्या जुन्या लढतींचे तीन व्हिडिओ पुन्हा लावले. 80 टक्के म्हणजे पाचपैकी चार वेळा तो पोरगा पडला नव्हता. ते चारही प्रयत्न बॉक्सिंगमधून आलेल्या मुलांचे होते: ठोसा न दाखवता, लांबूनच, मान खाली घालून घेतलेली झेप. अशी झेप कोणीही चुकवेल. पाचवा प्रयत्न एका पैलवानाचा. त्याने आधी ठोसा टाकला, समोरच्याचे हात वर गेले, मग पाय धरला. पोरगा पडला तो घंटा होईपर्यंत उठलाच नाही. मी घड्याळ लावून पाहिलं, एक मिनिट चाळीस सेकंद. आम्हाला हवं होतं ते एवढंच, आणि माझ्या बेरजेत ते 20 टक्के होऊन कोपऱ्यात बसलं होतं.

तेव्हापासून मी टक्क्याआधी प्रयत्न मोजतो, आणि ते कोणी केले ते लिहितो. टक्का एकट्याचा नसतो, जोडीचा असतो. खबीब नुरमागोमेदोव्हसारख्या मल्लाने 2012 मध्ये ग्लेसन टिबाउविरुद्ध टेकडाउनचे 13 प्रयत्न केले, एकही साधला नाही. पुढच्याच वर्षी एबेल ट्रुहियोला त्याने एका लढतीत 21 वेळा पाडलं. माणूस तोच, समोरचा वेगळा. टेकडाउनच्या सरासरीचंही तसंच, एकटा आकडा फसवतो. ती दर 15 मिनिटांना धरतात. दोन मिनिटांत जिंकलेल्या लढतीत एकच टेकडाउन असलं, तरी सरासरी साडेसात दिसते.

त्या 21 चा आणखी एक अर्थ मला उशिरा कळला. 21 वेळा पाडायचं, तर समोरचा निदान 20 वेळा उठलेला असतो. एकदाच पाडून चार मिनिटं कब्जा ठेवणाऱ्याच्या नावावर मात्र नुसता एक लागतो. आपल्या कुस्तीत चीत झाली की खेळ संपतो, म्हणून आपली नजर पाडण्यावरच थांबते. एमएमएत पाडल्यावर काम सुरू होतं. 2017 पासून लागू झालेल्या, गुण देण्याच्या सुधारित निकषांतही हेच आहे: नुसतं खाली आणणं पुरेसं नाही, त्यातून हल्ला उभा राहिला पाहिजे.

फसलेला प्रयत्नही वाया जातो असं नाही. मार्च 2023 मध्ये लास वेगासला मेराब द्वालिश्विलीने पेत्र यानवर 49 वेळा टेकडाउनचा प्रयत्न केला, साधले 11. टक्का जेमतेम 22. तरी तिन्ही जजांनी पाचही फेऱ्या मेराबला दिल्या. उरलेल्या 38 प्रयत्नांत यानला कधी कंबर मागे टाकावी लागली, कधी पिंजऱ्याच्या जाळीला पाठ लावून झगडावं लागलं. पाय सांभाळायचे म्हटल्यावर ठोसे मोकळ्या हाताने कसे सुटणार? त्या रात्री मी माझ्या मुलाला 'फसला तर दम जाईल' म्हणालो. दम समोरच्याचाही गेला असता, हे मी धरलंच नाही.

आता वहीत टक्क्याचा रकाना नाही. प्रयत्न कोणाचा, ठोशामागून आला की उघडा, पडल्यावर किती सेकंद खाली राहिला आणि उठताना पाठ दिली का, एवढं लिहितो. एका लढतीला संध्याकाळ जाते. तुमच्या तालमीतला मुलगा पिंजऱ्यात उतरणार असेल, तर ती एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याने काही विचारलं, तर वही मिटून त्याचं ऐका.