स्क्रीनवरची अक्षरे धूसर का दिसतात?

आपण पाठवलेल्या जुन्या संगणकांपैकी एक भोकरदन तालुक्यात आमच्या एका ताईंच्या घरी आहे. संध्याकाळी जवळच्या भिल्ल वस्तीवरची मुले तिथे अभ्यासाला जमतात आणि शिष्यवृत्तीचे अर्जही तिथूनच भरले जातात. गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलीचा महाडीबीटीवरचा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. जातीच्या दाखल्याच्या क्रमांकात इंग्रजी आठच्या जागी तीन पडला होता. ताईंनी तो आकडा दोनदा ताडून पाहिला होता. मुदत थोडी उरली होती, म्हणून मी जालन्याहून सकाळची एसटी धरली.

स्क्रीन पाहताच दुखणे कळले. अक्षरे आडवी ताणलेली, कडा पुसट. डेस्कटॉपवर सूर्याचे चित्र होते, ते अंड्यासारखे दिसत होते. अशा स्क्रीनवर तीन आणि आठ मलाही सारखेच वाटले. मराठीचे तर याहून हाल. ‘ब’ आणि ‘व’ ओळखू येत नाहीत, अनुस्वार अक्षरात बुडतो, रफार गायब.

कारण साधे आहे. पूर्वीच्या जाड पाठीच्या मॉनिटरला रिझोल्यूशन थोडे बदलले तरी चालून जाई. आताच्या चपट्या मॉनिटरमध्ये ठिपके कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात. ताईंच्या मॉनिटरमध्ये ते आडवे १३६६ आणि उभे ७६८ आहेत. संगणक मात्र १०२४ × ७६८ वर लावलेला. म्हणजे दर तीन ठिपक्यांचे चित्र चार ठिपक्यांवर पसरायचे. तीन भाकरी चौघांत वाटायच्या तर तुकडे करावेच लागतात. तशीच अक्षराची कड तुटते आणि राखाडी दिसते.

आपल्या घरी असे दिसत असेल तर डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर माउसचे उजवे बटण दाबा आणि ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. खाली ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ सापडेल. त्या यादीत ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिले असेल तो निवडा. बदल ठेवायचा का, असे संगणक विचारतो. मध्येच स्क्रीन काळी पडली तर घाबरून बटणे दाबू नका. पंधरा सेकंद हात बांधून बसा, जुने रिझोल्यूशन आपोआप परत येते.

मी एवढे केले आणि ताई म्हणाल्या, “भाऊ, आता तर मला काहीच वाचता येईना!”

खरी गोष्ट तेव्हा कळली. अक्षरे बारीक दिसतात म्हणून त्यांच्या भाच्याने मुद्दामच रिझोल्यूशन उतरवले होते. त्याचा हेतू चांगला होता, फक्त जागा चुकली. अक्षर मोठे करायचे तर त्याच पानावर ‘स्केल’ असते. ते १०० चे १२५ टक्के करावे. मग संगणक तेच अक्षर जास्त ठिपके वापरून काढतो, म्हणून ते मोठेही होते आणि रेखीवही राहते. मी १५० करून पाहिले, पण एवढ्या मॉनिटरवर ते फार होते. अर्जाचे खालचे बटण स्क्रीनबाहेर गेले. फक्त एखादे संकेतस्थळ लहान-मोठे करायचे असेल तर कंट्रोल दाबून वजा किंवा अधिकचे चिन्ह दाबावे, बाकी सेटिंगला हात लावू नये.

कधी कधी यादीत योग्य आकडाच नसतो. विंडोज नव्याने टाकल्यावर हे बरेचदा होते, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहतो. ‘डिव्हाइस मॅनेजर’ मध्ये ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ एवढेच दिसले तर हाच दोष समजा. संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, आपल्या मॉडेलचा क्रमांक पाहून, ड्रायव्हर घ्यावा. भलत्याच ठिकाणचा नको.

ड्रायव्हर ठीक असेल तर केबल पाहा. निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलला १५ पिना असतात. त्यांतल्या बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर आपले माप संगणकाला कळवतो. यांतली एक वाकली तरी चित्र येत राहते, पण संगणकाला मॉनिटर ओळखता येत नाही आणि तो अंदाजाने कमी रिझोल्यूशन धरतो. म्हणून एक विनंती: संगणक देताना त्याची मूळ केबलही आठवणीने द्या, आणि केबल काढताना स्क्रू सोडवून काढा, ओढू नका.

मुलीचा क्रमांक दुरुस्त झाला. या वेळी तिने स्वतः मोठ्याने वाचला, ताईंनी दाखल्यावर बोट ठेवून ताडला, आणि अर्ज मुदतीत गेला. दुसऱ्या आठवड्यात ताई डोळे तपासायला जालन्याला आल्या. चष्म्याचा नंबर बदलला होता.